हमीवरचा माणूस

"म्हणजे ह्या माणसानं चोरी केली, तर पैसे तुम्ही भरून देणार?" भूपालअण्णांनी विचारलं.

"मी नाही, विमा कंपनी देणार," आवटीबाई म्हणाल्या. "दोन लाखांपर्यंत. मुदत सहा महिने. हप्ता आमची संस्था भरते. तुम्ही फक्त ह्याला कामावर घ्यायचं."

मी टेबलापासून दोन पावलं मागे उभा होतो. बसायला कुणी सांगितलं नव्हतं. भूपालअण्णांनी चष्मा पुसला, कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. माझं नाव काय, मी काय केलं होतं, किती वर्षं आत होतो, काही विचारलं नाही. कागद खाली ठेवून त्यांनी एकच प्रश्न केला.

"चोरी सिद्ध व्हावी लागते, का नुसता संशय चालतो?"

आवटीबाईंनी कागद स्वतःकडे वळवला. "पोलिसांत तक्रार द्यावी लागते. आणि माल कमी भरला पाहिजे."

"बरं," अण्णा म्हणाले. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "उद्या सकाळी सहाला ये. स्वेटर आहे का?"

स्वेटर नव्हता. वैशाखात तासगाव तालुक्यात स्वेटर कोण बाळगतो?

ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पाच वर्षं कळंब्याच्या तुरुंगात काढून बाहेर आलो होतो. त्याआधी मिरजेत ट्रकवर ड्रायव्हर होतो. आम्ही तिघांनी तेलाच्या डब्यांनी भरलेला ट्रक रस्त्यातून वळवून नेऊन विकला. अडवायला आलेल्या नाक्यावरच्या वॉचमनचा हात मोडला. हात मी मोडला नव्हता, पण ट्रक मी चालवत होतो, आणि तो ओरडत असताना मी थांबलो नाही. शिक्षा झाली ती बरोबर झाली.

सुटल्यावर अकरा ठिकाणी काम मागितलं. कुठं पहिल्या दिवशी कळलं, कुठं चौथ्या दिवशी, पण कळलंच. आवटीबाई सांगलीच्या निवृत्त शिक्षिका. सुटलेल्या कैद्यांसाठी त्यांची एक छोटी संस्था होती. त्यांनीच हा विम्याचा मार्ग काढला होता. मालकाला भीती नुकसानीची असते ना, मग त्या नुकसानीचीच हमी द्यायची. त्या हमीवरचा पहिला माणूस मी, मुरारी ऐनापुरे.

भूपाल उपाध्यांचं कोल्ड स्टोरेज कवठेमहांकाळच्या रस्त्याला होतं. चार मोठे चेंबर, वीतभर जाडीची दारं, आत चार डिग्री. शेतकरी उन्हाळ्यात बेदाणा करून आणून ठेवायचे आणि दिवाळीच्या तोंडावर भाव आला की काढायचे. पंधरा किलोची एक पेटी. प्रत्येकाच्या थप्पीवर नावाची चिठ्ठी. पेटी आत गेली तरी वहीत नोंद, बाहेर आली तरी नोंद, आणि नोंदीपुढं चेंबर सांभाळणाऱ्याची सही. तो सांभाळणारा आता मी होतो.

पाचव्या दिवशी अण्णांनी चारी चेंबरच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

"माझ्याकडं?" मी म्हटलं.

"मग कुणाकडं? दार तूच उघडणार ना?"

त्या रात्री झोप आली नाही. तुरुंगात कुणी न मागता विडी दिली तर ती ओढायच्या आधी विचार करायचा असतो, हे मी पहिल्या महिन्यातच शिकलो होतो. इथं तर लाखोंच्या मालाच्या किल्ल्या. ज्या माणसानं माझं नावसुद्धा विचारलं नाही त्यानं दिलेल्या. आणि त्याचा तो प्रश्न माझ्या कानातून जात नव्हता. नुसता संशय चालतो का?

अण्णांची बायको सुलोचनावैनी मला त्या मानानं सोप्या वाटायच्या. घर कोल्डच्या मागंच होतं. माझा चहा वेगळ्या स्टीलच्या पेल्यात यायचा. मी जेवायला बसलो की त्या गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या, आणि मी पिशवी उचलून निघालो की त्यांची नजर पिशवीच्या बुडाशी. एकदा मी पिशवी त्यांच्यासमोर उलटी केली. डबा आणि टॉवेल पडला.

"मी काही म्हटलं का?" त्या म्हणाल्या.

"न्हाई वैनी. पण बघून घ्या."

त्यांनी खरंच बघितलं. मला बरं वाटलं. त्यांचा संशय मला कळत होता. अण्णांचं मात्र काहीच कळत नव्हतं. ते पिशवी बघत नव्हते, पेट्या मोजत नव्हते, वहीत डोकावत नव्हते. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचो. हा माणूस कशाची वाट बघतोय?

पावसाळा गेला. माझी सुट्टी रविवारी असायची. नवरात्राच्या आधीच्या एका सोमवारी मी कामावर आलो, तर अण्णा वही उघडून बसलेले.

"काल चार नंबरमध्ये चाळीस पेट्या आत-बाहेर झाल्यात. इथं सही कर."

मी वही बघितली. चाळीस पेट्या बाहेर, चाळीस आत. कुणाच्या, काही लिहिलं नव्हतं. सहीची जागा मोकळी.

"मी काल नव्हतो, मालक."

"माहितेय. पण चेंबर तुझ्याकडं आहे म्हणून सही तुझी लागते."

"जे मी बघितलं न्हाई त्यावर मी सही करत न्हाई."

अण्णांनी मान वर केली. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं, स्वतः सही केली, आणि वही मिटली.

"पहिल्यापासून असाच आहेस, का आत गेल्यावर झालास?" ते म्हणाले.

दुपारी केर भरताना टोपलीत फाडलेल्या चिठ्ठ्या सापडल्या. तुकडे जुळवले. हिंदुराव जाधव, मणेराजुरी. हे हिंदुरावतात्या आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या तीनशे अकरा पेट्या चार नंबरमध्ये होत्या. मी आत जाऊन थप्पी मोजली. तीनशे अकराच भरल्या. पण सगळ्यात मागच्या, भिंतीलगतच्या चाळीस पेट्यांची टेप नवीन होती आणि चिठ्ठ्यांवर अण्णांचं अक्षर होतं.

पेटी उघडून बघायची हिंमत झाली नाही. माझ्या बोटांचे ठसे कुठल्या फायलीत आहेत हे मला चांगलं माहीत होतं.

पगाराच्या दिवशी टेबलावर काचेखाली तो विम्याचा कागद दिसला. मुदतीच्या तारखेखाली लाल शाईची रेघ. एकतीस ऑक्टोबर. अठरा दिवस राहिले होते.

सगळं जुळत गेलं. चांगला माल अण्णांनी काढून विकला. जागेवर काहीतरी भरून ठेवलं. तात्या दिवाळीला माल काढायला येणार, पेट्या उघडणार, बोंब होणार, आणि अण्णा पोलिसांना सांगणार की किल्ल्या ह्याच्याकडं, हा कळंब्यातून सुटलेला. तात्यांना भरपाई विमा कंपनी देईल. अण्णांना चोरून विकलेल्या मालाचा पैसा सुटला. आणि मी परत आत. म्हणून नाव विचारलं नव्हतं. म्हणून किल्ल्या दिल्या होत्या.

पुढच्या रविवारी मी सांगलीला आवटीबाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं, माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मुरारी, खरं सांग. तू काही केलंयस का?"

मी उठलो. त्या मागून हाका मारत होत्या. मी जिना उतरताना ठरवलं, आता कुणाकडं जायचं नाही. जे करायचं ते आपणच आधी करायचं.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी हिंदुरावतात्या एका व्यापाऱ्याला घेऊन आले. सोबत मणेराजुरीचेच आणखी दोन शेतकरी होते. त्यांचाही माल आमच्याकडं होता. अण्णा तासगावला बँकेत गेले होते.

"मुरारी, चार नंबर उघड," तात्या म्हणाले. "ह्यास्नी नमुना दाखवायचाय. पुढची पेटी नको, सगळे पुढं चांगलं ठेवत्यात. मागची काढ."

हाच तो दिवस, मला वाटलं. मी दाराला हात लावला नाही.

"तात्या, मागच्या चाळीस पेट्या तुमच्या न्हाईत."

"म्हंजे?"

"मालकांनी बदलल्यात. मी सुट्टीवर होतो तवा. वहीत माझी सही न्हाई, बघा. तुमच्या चिठ्ठ्या फाडून टाकलेल्या मी ठेवल्यात." मी खिशातून तुकडे काढून त्यांच्यासमोर धरले. "मी घेतलं न्हाई. उद्या कोण काय बी म्हणू दे. मी घेतलं न्हाई."

तात्यांनी तुकडे हातात घेतले, चष्मा नसल्यामुळं लांब धरून वाचले. तेवढ्यात अण्णांची मोटारसायकल फाटकातून आत आली.

तात्या चालत त्यांच्यासमोर गेले. "भूपाल, माझा माल कुठाय?"

अण्णांनी गाडी स्टँडवर लावली. माझ्याकडं बघितलं, तुकड्यांकडं बघितलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"भिजला," ते म्हणाले.

"काय भिजला?"

"चार नंबरच्या मशीनखालचा ट्रे भरून पाणी मागच्या भिंतीला उतरलं. तुमच्या चाळीस पेट्या खालून भिजल्या. बेदाणा चिकट झाला, वास सुटला. मी काढून टाकल्या आणि माझ्या बागेतला माल भरला. नवीन पेट्यांत. तुमचं नुकसान एका किलोचं नाही तात्या. फोडून बघा."

व्यापाऱ्यानं पेटी बाहेर आणवली, टेप फाडली, मूठभर बेदाणा उजेडात धरला. हिरवागार, लांब दाणा. त्यानं तात्यांच्या पुढच्या थप्पीतलीही एक पेटी फोडून शेजारी ठेवली.

"तात्या," तो म्हणाला, "तुमच्या मालापेक्षा ह्यो भारी हाय."

मी भिंतीला टेकलो. मला वाटलं विषय संपला. अण्णांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते चहा सांगायला वळले.

पण तात्या जागचे हलले नव्हते. "भारी असंल. पर मला सांगिटलं का न्हाईस?"

"सांगणार होतो."

"कवा? इकून झाल्यावर?" त्यांचा आवाज चढला. "आज चाळीस माझ्या भिजल्या. आणिक कुणाकुणाच्या भिजल्यात? कुणाकुणाच्या चिठ्ठ्या तू रातीत बदलल्यास?"

"फक्त तुमच्याच."

"ते आमास्नी कसं कळावं?" दुसरा शेतकरी म्हणाला.

मला तो प्रश्न चांगलाच ओळखीचा होता. पाच महिने मी दुसरं काही विचारलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत बातमी चार गावांत गेली. गावागावांत ती वाढत गेली. उपाध्यांच्या कोल्डमध्ये पाणी शिरलंय. गॅस गळालाय. उपाध्ये माल बदलून विकतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर नऊ टेंपो उभे होते. भाव नसताना लोक माल काढून दुसरीकडं नेत होते. मी पेट्या बाहेर काढत होतो, सह्या करत होतो. अण्णा प्रत्येकाला म्हणत होते, फोडून बघा, मग न्या. कुणी फोडून बघत नव्हतं. आठव्या दिवशी तीन चेंबर पूर्ण रिकामे झाले आणि अण्णांनी त्यांची मशीनं बंद केली. ती बंद झाल्यावर जी शांतता पडली तशी मी तुरुंगातही ऐकली नव्हती.

त्या आठ दिवसांत अण्णा मला एक शब्द बोलले नाहीत. काढूनही टाकलं नाही. मी रोज सहाला येत होतो.

नवव्या दिवशी दुपारी मी ऑफिसात गेलो. अण्णा आणि वैनी दोघंही बसले होते. समोर कर्जाचे हप्ते मागणारं बँकेचं पत्र होतं.

"मालक," मी म्हटलं, "विम्याची मुदत अजून चार दिवस हाय."

"मग?"

"लिहा, मी चोरल्या. चाळीस न्हाई, दोनशे लिहा. तुमच्या बागेचा माल व्हता, किल्ल्या माझ्याकडं व्हत्या. मी पोलिसात कबूल करतो. दोन लाख मिळतील. बँकेचं भागंल."

अण्णांनी काच उचलून कागद बाहेर काढला. वाचायला लागले. पहिल्या दिवशी वाचला होता तसाच, वरपासून खालपर्यंत. मी उभा होतो. ते नाही म्हणतील असं मला वाटत नव्हतं. खरं सांगतो, त्यांनाही त्या वेळी ते ठाऊक नव्हतं.

"किती वर्षं होतील तुला?" त्यांनी विचारलं.

"आधीची शिक्षा हाय म्हणल्यावर तीन तर व्हतील."

"तो स्वतः म्हणतोय," वैनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, दमल्या होत्या. "लिहा की."

"त्यानं चोरलेलं नाही, सुलू."

"चोरलं नसंल. पण बुडवलं त्यानंच ना? तोंड त्यानं उघडलं. आणि पाणी तरी कुणामुळं उतरलं? ट्रेतलं पाणी बाहेर नेणारी नळी दर आठवड्याला साफ करायची असते. कोण करणार होतं?"

मला काही उमगेना. "कुठली नळी?"

वैनींनी अण्णांकडं बघितलं. "ह्याला माहीतच नाही?"

"त्याला दाखवायचं राहिलं माझ्याकडून," अण्णा म्हणाले. "आधीच्या माणसाला माहीत होतं. ह्याला मी सांगितलं समजून चाललो."

"म्हंजे माझ्यामुळं भिजलं?"

"तुझ्यामुळं नाही, माझ्यामुळं नाही. नळी तुंबल्यामुळं." त्यांनी कागदाची घडी घातली. "पण हे मी तात्यांना सांगायला गेलो असतो, तर त्यांनी आधी विचारलं असतं, चेंबर कोण सांभाळतो? मग सगळ्यांनी तेच विचारलं असतं. तुला काढायला लावलं असतं. दुसरा माणूस मला कुठं मिळतोय? ह्या थंडीत दोन महिन्यांवर कुणी टिकत नाही. म्हटलं, गुपचूप भरून टाकू."

"म्हणून मला न्हाई सांगितलंत?"

"तुला सांगून तू काय केलं असतंस? रात्रीतून पळून गेला असतास."

गेलो असतो. ते खरं होतं.

"आणि ती लाल रेघ?" मला विचारल्याशिवाय राहवेना.

"कसली रेघ?" त्यांनी घडी उलगडून बघितली. "ही होय. आवटीबाईंनी फोन करून सांगितलं होतं, तारखेच्या आत कळवा, हमी पुढं चालू ठेवायची का. मी म्हटलं, नको. हप्ता उगाच भरताय."

वैनी उठल्या, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर आवारात एकही गाडी नव्हती.

"मग आता काय करायचं ठरवलंय?" त्यांनी न वळता विचारलं. "त्यानं बुडवलं ते बुडवलंच."

"बुडवलं," अण्णा म्हणाले. "पण बुडवण्याचा विमा आपण उतरवला नव्हता."

त्यांनी कागद फाडला नाही. कपाटातल्या जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्यात ठेवून दिला. मग उठले, पायात चप्पल सरकवली आणि मला म्हणाले, "चल, नळी दाखवतो."

त्या हिवाळ्यात त्यांनी दोन एकर बाग विकली. मशीनं दोन ठेवली, दोन गेली. तीन महिने मी पगार घेतला नाही. ते दर महिन्याला पाकीट पुढं करायचे, मी मागं सरकवायचो, आणि चौथ्या महिन्यात वैनींनी ते पाकीट माझ्या डब्याच्या पिशवीत घालून ठेवलं.

पुढं खूप वर्षांनी मी अण्णांना विचारलं, त्या पहिल्या दिवशी तुम्ही असं का विचारलं होतं, की नुसता संशय चालतो का? ते म्हणाले, असं मी विचारलं होतं? मला तर आठवत नाही. खरंच आठवत नव्हतं का, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात एप्रिल संपत आला तरी चेंबरमध्ये एकही पेटी आली नव्हती. एका सकाळी फाटकातून ट्रॅक्टर आत आला. ट्रॉलीवर बेदाण्याच्या पेट्या होत्या आणि पेट्यांवर हिंदुरावतात्या बसले होते.

ते उतरले. आधी चेंबरमध्ये गेले. ट्रेखाली हात घालून बघितला, नळीत फुंकर मारून बघितली, भिंतीला तळवा लावून बघितला. मग बाहेर येऊन अण्णांसमोर उभे राहिले.

"तुझ्यावर इस्वास बसला म्हणून आलो न्हाई, भूपाल."

"मग कशाला आलात?"

तात्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यो गडी तुझ्यावर पाळत ठिवतो म्हणून आलो. असं कोल्ड दुसरं न्हाई आपल्या तालुक्यात."

अण्णांना हसू येत होतं पण ते हसले नाहीत. मी ट्रॉलीचा मागचा फाळका खाली पाडला. ऊन तापायच्या आत माल आत जायला हवा होता. तात्या एका बाजूनं, मी एका बाजूनं, आणि थोड्या वेळानं अण्णाही सदऱ्याच्या बाह्या वर करून आले.